एका गावाचे किती धनी? बीडच्या महसुलाची चारशे वर्षे

१/ बीड शहरालगत खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली असे मानले जाते. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती. नावामागची लोककथा मोठी बोलकी आहे. परगण्याचा वसूल राजधानीस रवाना करण्याऐवजी जहागीरदाराने तो विहिरीवर खर्च केला. खजिन्याचा जाब विचारला गेला, तेव्हा त्याने विहिरीकडे बोट दाखविले.

२/ ही कथा इतिहास म्हणून मांडता येत नाही, पण तिने विचारलेला प्रश्न खरा आहे. रयतेने भरलेल्या रुपयावर पहिला हक्क कोणाचा? ज्या मातीतून तो निघाला त्या गावाचा, जिल्ह्याच्या अंमलदाराचा, की दूरच्या राजधानीचा? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य आणि केंद्र यांच्यात आज चाललेला वाट्याचा वाद याच प्रश्नाचे आजचे रूप आहे. बीडच्या भूमीने तो अनेक राजवटींत अनुभवला. त्या अनुभवाचा हा धागा.

३/ आरंभ खळ्यापासून करावा लागतो. जुन्या व्यवस्थेत राजा कोणीही असो, वसुलीची पहिली पायरी गावच होती. पाटील वसुलीस जबाबदार, कुलकर्णी हिशेबास. अनेक गावे मिळून परगणा. तेथे देशमुख आणि देशपांडे. या प्रत्येकाचा वतनी हक्क पिकातून किंवा वसुलातून निघे. बलुतेदारांचे बलुते वेगळे, गावखर्च वेगळा. एवढे वजा होऊन जे वर जाई, तो सरकारचा महसूल. म्हणजे कराचे स्तर ही आधुनिक राज्यघटनेची देणगी नव्हे. ते खळ्यावरील राशीतच होते.

४/ सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हाती आला. त्याच्या महसूल सुधारणांची आठवण दख्खनमध्ये दीर्घकाळ टिकली. वसुलीची मक्तेदारी, म्हणजे इजारा, त्याने मोडली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकार ठरविला. सरकारी वाटा प्रारंभी उत्पन्नाचा दोन-पंचमांश होता. पुढे तो रोखीत घेताना सुमारे एक-तृतीयांशावर आला, असे जुने ग्रंथ सांगतात. मधला मक्तेदार हटला, की वरच्या खजिन्याचे आणि खालच्या रयतेचे हित एकाच वेळी साधू शकते, हे त्याने ओळखले होते.

५/ १६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि १६३६ पर्यंत निजामशाही संपली. बीड मोगलांकडे गेले. मोगल रचनेत गावांचा परगणा, परगण्यांचे सरकार आणि सरकारांचा सुभा होई. येथे ‘सरकार’ म्हणजे शासन नव्हे, तर जिल्ह्यासारखा एक विभाग. बीड हे औरंगाबाद सुभ्यातील असे एक सरकार होते; धारूर, ज्याला मोगलांनी फतेहाबाद म्हटले, हे दुसरे.

६/ खरी गुंतागुंत १७१९ मध्ये सुरू झाली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क छत्रपती शाहूंना मिळाला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. तिच्या बदल्यात १५,००० घोडदळाने बादशाही चाकरी करावयाची. सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के. ती दख्खनचे वंशपरंपरागत सरदेशमुख या नात्याने. सहा सुभ्यांचा कागदावरील महसूल सुमारे १८ कोटी रुपये होता. बीडचे सरकार अर्थातच या हिशेबात आले.

७/ आता आकडेमोड पाहू. एखाद्या गावाचा महसूल ४०० रुपये धरला, तर चौथाई १०० रुपये. हे शंभर एका हाती पडत नसत. त्यांतील २५ रुपये ‘बाबती’ म्हणून छत्रपतींकडे. ६ रुपये ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवांकडे. ३ रुपये ‘नाडगौडा’ म्हणून छत्रपतींच्या मर्जीने कोणालाही. उरलेले ६६ रुपये ‘मोकासा’ म्हणून सरदारांना, फौजेच्या खर्चासाठी. सरदेशमुखीचे ४० रुपये निराळे. एकाच गावाच्या वसुलावर असे निदान पाच हक्क बसत.

८/ ही विभागणी गोंधळाची वाटते, पण तिच्यामागे राजकीय हिशेब होता. एका सरदाराचा मोकासा, दुसऱ्याचा साहोत्रा आणि छत्रपतींची बाबती एकाच मुलखात अडकली, की कोणालाही तो मुलूख एकट्याने गिळता येत नसे. प्रत्येकाचा दुसऱ्यावर डोळा राही. या गुंत्यामुळे हिशेब जाणणाऱ्या कारकुनांचे महत्त्व वाढले, आणि हिशेब ज्याच्या हाती, त्याची सत्ताही वाढली.

९/ रयतेच्या बाजूने हेच चित्र वेगळे दिसते. निजामाचा अंमलदार उरलेल्या महसुलासाठी येई. मराठ्यांचा कमाविसदार चौथाईसाठी. एकाच गावावर दोन अंमल, म्हणून अशा व्यवस्थेला ‘दुअमल’ म्हणत. तत्त्वतः चौथाई हा एकूण महसुलातील वाटा होता, त्यामुळे एकाला दिलेले दुसऱ्याकडून वजा व्हावयास हवे. दोन अंमलदारांचे हिशेब जुळले नाहीत, तर तो फरक सोसणार कोण? पाटलाच्या दारात उभे राहणाऱ्या स्वारांना वजाबाकीत रस नसे.

१०/ १७२४ नंतर दख्खनमध्ये निजाम-उल-मुल्क स्वतंत्रपणे वागू लागला आणि त्याने एक धूर्त प्रश्न उपस्थित केला. चौथाई द्यावयाची ती कोणाला? साताऱ्याच्या शाहूंना की कोल्हापूरच्या संभाजींना? खरा हक्कदार ठरेपर्यंत वसूल थांबवून ठेवण्याचा त्याचा पवित्रा होता. पुढे २५ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे पहिल्या बाजीरावांनी त्याची कोंडी केली. गोदाकाठच्या मुंगी-शेवगाव येथे मार्चमध्ये तह झाला आणि शाहूंचा हक्क मान्य करण्यात आला. वाट्याचे सूत्र ठरविणारा त्रयस्थ आयोग नसला, की ते काम घोडदळ करते.

११/ बीड जिल्ह्याच्या आजच्या हद्दीतच या संघर्षाचा एक मोठा निकाल लागला. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. निजाम नदीपार गेला होता आणि अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. या युद्धाची कारणे केवळ चौथाईची नव्हती. पण मुलूख आणि महसूल कोणाकडे, हाच तहाचा गाभा होता. गोदाकाठच्या खरीप हंगामातून ज्या फौजा गेल्या, त्यांची किंमत कोणत्याही तहात नोंदली गेली नाही.

१२/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२२ च्या करारान्वये इंग्रजांनी निजामाला चौथाईच्या देण्यातून मुक्त केले. एक स्तर नाहीसा झाला. रयतेचा भार मात्र त्याने आपोआप हलका झाला नाही, कारण मलिक अंबरने मोडलेला इजारा निजामी राज्यात प्रबळ होता. जिल्ह्याचा वसूल मक्त्याने घेणाऱ्याला ‘तालुकदार’ म्हणत. राज्याला ठरलेली रक्कम द्यावयाची आणि त्यावर वसूल होईल ते आपले, हा त्याचा धंदा.

१३/ याच काळात एक नवा, वरचा स्तर उभा राहत होता. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला. तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडला लागून असलेला धाराशिवचा भाग इंग्रजांकडे सोपवावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. संरक्षणाचा खर्च वरच्याने ठरवावा, पैसा खालच्याने द्यावा आणि न दिल्यास मुलूख जावा, अशी ही मांडणी होती.

१४/ त्याच १८५३ साली सालारजंग पहिले दिवाण झाले. त्यांनी मक्तेदारी मोडून पगारी नोकरशाही उभी केली. १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. शब्दाचे नशीब पाहण्यासारखे आहे. कालचा मक्तेदार तो तालुकदार, आणि आता जिल्ह्याच्या पगारी अधिकाऱ्याचे नाव ‘अव्वल तालुकदार’, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी आकार ठरू लागला.

१५/ तरीही हैदराबाद राज्यात सर्वांचा महसूल एका खजिन्यात जात नव्हता. दिवाणी किंवा खालसा मुलखाचा पैसा राज्याच्या तिजोरीत जाई. ‘सर्फ-ए-खास’ मुलखाचा वसूल थेट निजामाच्या खासगी खर्चासाठी असे. पायगा, जहागिरी आणि संस्थाने यांचा वसूल त्या त्या धन्याकडे. राज्याच्या भूमीपैकी सुमारे दोन-पंचमांश भाग दिवाणीबाहेर होता. बीड जिल्ह्यातही जहागिरी होत्या. शेजारच्या दोन गावांतील शेतकरी सारखीच ज्वारी पिकवीत. एकाचा सारा राज्याकडे, दुसऱ्याचा जहागीरदाराकडे. रस्ता किंवा शाळा कोणाकडे मागावी, याचे उत्तर गावागणिक बदले.

१६/ सीमेवर आणखी एक कर उभा होता. हैदराबाद राज्याचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. आष्टी, पाटोदा हे तालुके ब्रिटिश मुलखातील नगर जिल्ह्याला लागून. नात्यागोत्याने आणि बाजाराने एक असलेला हा प्रदेश करापुरता दोन राज्यांत विभागलेला. बैलगाडीने काही कोस गेले, की जकात वेगळी आणि नाणेही वेगळे, कारण निजामी राज्यात ‘हाली सिक्का’ चाले.

१७/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फ-ए-खास राज्याच्या महसुलात विलीन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. संस्थानांच्या अर्थव्यवस्थेचा मेळ भारताशी कसा घालावा, हे व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने सांगितले. १ एप्रिल १९५० पासून आयकर, रेल्वे, टपाल यांसारखी केंद्रीय खाती आणि त्यांचे उत्पन्न केंद्राकडे गेले. परळी वैजनाथपर्यंत येणारी निजाम रेल्वेही त्यांत होती. अंतर्गत जकात एकदम बंद केली तर तिजोरी कोसळेल, म्हणून संविधानाच्या कलम ३०६ मध्ये अशा राज्यांना करारानुसार जास्तीत जास्त १० वर्षांची मुभा होती.

१८/ संविधानाने दोन मूलभूत गोष्टी केल्या. पहिली: सातव्या अनुसूचीत कोणता कर कोणी लावावा हे लिहून ठेवले. जमीन महसूल राज्याचा; शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील आयकर केंद्राचा. एकाच महसुलावर दोन अंमलदार येण्याची दुअमली रीत येथे संपली. दुसरी: कलम २८० नुसार वित्त आयोग. केंद्राने गोळा केलेल्या करांतील वाटा राज्यांना किती, हे दर पाच वर्षांनी एका आयोगाने सुचवावयाचे. पहिला आयोग १९५१ मध्ये के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. पालखेडला जे घोडदळाने ठरले, ते आता आकडेवारीने आणि युक्तिवादाने ठरू लागले.

१९/ मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. बीड, धाराशिव, नगर, सोलापूर या पट्ट्यात पिके गेली, जनावरे गेली, माणसे खडी फोडायला गेली. सुकडी आणि लाल मिलो हे शब्द त्या पिढीच्या स्मरणात कायमचे राहिले. याच काळात महाराष्ट्राच्या करव्यवस्थेत असे काही घडले, ज्याचा ठसा राज्यातील नोकरदारांच्या पगारपत्रकावर आजही दिसतो.

२०/ विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. तिचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला होता. दुष्काळात ती राज्यभर नेण्यात आली. पण पैसा कोठून आणावा? दुष्काळी गावाकडे द्यायला काही नव्हते. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून हा कर घ्यावयाचा. त्याच्या जोडीला मोटार वाहन कर, विक्रीकर, बागायती जमीन आणि शहरातील बिगरनिवासी इमारती यांवर अधिभार बसले. जमा झालेल्या रकमेइतकीच भर राज्याने घालावयाची.

२१/ महिन्याच्या पगारातून कापले जाणारे २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाला एकूण २,५००, ते याच करापोटी. ही कमाल मर्यादा संविधानाच्या कलम २७६ मध्ये आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती २५० रुपये होती. मुंबईच्या कचेरीतील पगारातून कापलेला पैसा बीडच्या पाझर तलावावर आणि नालाबांधावर काम करणाऱ्या मजुराच्या मजुरीत जावा, अशी ही योजना. शतकानुशतके महसूल खळ्यावरून वर जात आला होता. येथे तो कायद्याने खाली आणला गेला.

२२/ याहून मोठी गोष्ट म्हणजे ही मदत मर्जीवर ठेवली गेली नाही. रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या कायद्याने अकुशल मजुरीचा १०० दिवसांपर्यंतचा भार केंद्राने उचलला. त्यापुढील दिवसांचा खर्च महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्यानुसार स्वतःकडे ठेवला.

२३/ जुन्या महसुलाचा एक शब्द अजूनही दर दुष्काळात ऐकू येतो: आणेवारी, आजची पैसेवारी. रुपयात सोळा आणे, तसे पिकात किती आणे आले, हा तिचा हिशेब. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली, की जमीन महसुलात सूट आणि इतर सवलतींचा मार्ग मोकळा होत असे. आज जमीन महसूल राज्याच्या उत्पन्नाचा अगदी किरकोळ भाग आहे. तो मोजण्यासाठी घडलेले माप मात्र मदत मोजण्यास उरले.

२४/ आता चौथाईप्रमाणेच आजच्या रुपयाची आकडेमोड. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे. बीडच्या बाजारात १,००० रुपयांची, १८ टक्के दराची वस्तू घेतली, तर कर १८० रुपये: ९० केंद्राचे, ९० राज्याचे. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांचा ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. म्हणजे केंद्राच्या ९० पैकी ढोबळमानाने ३६ रुपये ९० पैसे सर्व राज्यांचे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे सुमारे २ रुपये ३३ पैसे. वाटपात लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि दरडोई उत्पन्न यांसारखे निकष असतात. तुलनेने श्रीमंत राज्याला कमी मिळते.

२५/ यात बीडची अडचण दडलेली आहे. आयोगाच्या दृष्टीने महाराष्ट्र श्रीमंत, कारण सरासरीत मुंबई आणि पुणे आहेत. राज्यांमधील विषमता सूत्रात मोजली जाते. राज्याच्या आतली मोजण्याचे काम राज्याकडे राहते. शिवाय हा कर जेथे वस्तू वापरली जाते तेथे जमा होतो. बीडचा ऊसतोड मजूर हंगामात कर्नाटकातील कारखान्यावर गेला, तर तेथील बाजारहाटावरील राज्याचा वाटा कर्नाटकाला मिळतो. त्याच्या मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना मात्र बीडलाच चालवावा लागतो.

२६/ आणखी एक गाठ उपकराची आणि अधिभाराची. २००० च्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळपास सर्व कर विभाज्य केले. उपकर आणि अधिभार मात्र वगळले. वाटणीच्या राशीत न येणारी ही रास केंद्राकडेच राहते. सर्फ-ए-खासशी तिची तुलना ओढूनताणून करू नये, कारण तो पैसा एका व्यक्तीचा होता आणि हा संसदेला उत्तरदायी आहे. पण ‘वाटणीत काय धरायचे?’ हा वाद ‘वाटा किती?’ या वादाइतकाच जुना आहे.

२७/ आणि गाव? त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. मोठा आधार मात्र वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या आयोगाचे पैसे महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदांना १० असे विभागले गेले. त्यांतील ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील. गावाला पैसा मिळतो, पण तो कशावर खर्चावा याचा बराचसा निर्णय वरूनच येतो. सलाबतखानाच्या कथेत विहिरीचा निर्णय बीडमध्ये झाला होता.

२८/ १७१९ मध्ये बीड परगण्यातील रयतेला आपल्या चारशे रुपयांचे हिस्से कळण्याचा मार्ग नव्हता. तो तपशील दफ्तरात राही आणि दफ्तर कारकुनाच्या ताब्यात. आज ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक ‘नमुना १’ मध्ये असते आणि घरपट्टीची आकारणी ‘नमुना ८’ मध्ये. ग्रामसभेत ते मागता येतात, वाचता येतात, त्यावर प्रश्न विचारता येतो. पाटोद्याच्या किंवा गेवराईच्या एखाद्या गावात पुढची ग्रामसभा भरेल, तेव्हा त्या दोन नमुन्यांतील रकमा मोठ्याने वाचावयास लावणारा कोणी तरुण तेथे असेल, तर चारशे वर्षांत या मुलखात न झालेली गोष्ट त्या दिवशी घडेल.